ती म्हणते, ठीक आहे

४ मार्च, सोमवार

आज करकर साहेबांनी वर बोलावलं. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्यांच्या बुटांनी ठेवलंय. पालिकेच्या जिन्यावर ते बूट वाजायला लागले की तळमजल्यावरच्या गप्पा आपोआप बंद होतात. म्हणाले, "बसा. आनंदाची बातमी आहे."

ऑफिसात आनंदाची बातमी साहेबाला असते, आपल्याला नुसती बातमी असते. तर बातमी अशी की पालिकेची नवी वेबसाइट येतेय. पाणी कधी येणार, कचरागाडी का आली नाही, दाखला कुठे मिळेल, तक्रार कुठे करायची, सगळं त्यावर. आणि ती सुरू झाली की माझं टेलिफोनचं टेबल बंद.

"तुमचं समायोजन करू," साहेब म्हणाले. "रेकॉर्ड रूममध्ये जागा आहे. पंखासुद्धा आहे."

रेकॉर्ड रूममध्ये कागद असतात. मला कागद वाचता येत नाहीत, मी जन्मापासून आंधळी आहे आणि साहेबांना ते माहीत आहे. म्हणजे मी तिथे पंख्याखाली बसायचं आणि पगार घ्यायचा. मी काही बोलणार तोवर ते पुढचं बोलले. नियम असा आहे म्हणे, की सरकारी वेबसाइट अपंग माणसांनाही वापरता आली पाहिजे. कुणीतरी ती तपासून सही केल्याशिवाय सुरू करता येत नाही. "घरचंच माणूस असताना बाहेरचा तज्ज्ञ कशाला? तुम्ही तपासा, तुम्हीच सही करा."

मी लगेच हो म्हटलं. साहेबांना वाटलं असणार, बाई भोळी आहे. मी आंधळी आहे, भोळी नाही. माझ्या सहीशिवाय साइट सुरू होत नाही, आणि साइट सुरू झाल्याशिवाय माझं टेबल हलत नाही. खोटं एक अक्षर सांगणार नाही. पालिकेचं काम मी आतून ओळखते, खऱ्या दोषांवरच वर्ष निघेल.

फोन उचलून "नमस्कार, पालिका. बोला," म्हणण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. निम्मं गाव मी आवाजावरून ओळखते. माझ्या टेबलावरून आजवर कुणी उत्तराशिवाय परत गेलेलं नाही. ती वेबसाइट हे करून दाखवू दे, मग बघू.

५ मार्च, मंगळवार

पहिली तपासणी. माझ्या संगणकात पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आहे, त्याला मी पोपट म्हणते. ही दैनंदिनीही मी त्याच्याच भरवशावर लिहिते, कानात इअरफोन घालून, म्हणजे घरात कुणाला ऐकू जात नाही. पोपट समोर असेल ते वाचतो, अक्कल लावत नाही. आज त्याने नव्या वेबसाइटचं पहिलं पान वाचलं ते असं: "चित्र. आयएमजी शून्य शून्य चार सात. बटण. बटण. बटण. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. बटण."

वेबसाइट बनवणारा माणूस शेजारीच बसला होता. तो विचार करताना पेनचं टोक दाबत बसतो, म्हणून टिकटिक. मी विचारलं, "हे कसलं बटण?"

"ते पाण्याच्या वेळांचं. त्यावर नळाचं चित्र आहे."

"आणि हे?"

"ते तक्रारीचं. त्यावर... घंटा आहे."

"पोपटाला नळ आणि घंटा सारखेच."

टिकटिक जरा दुखावला. म्हणाला, "पण आम्ही खास सोय केलीय हो. वर उजव्या कोपऱ्यात बघा."

"बघते हं," मी म्हटलं.

पेनचा आवाज एकदम थांबला. खास सोय म्हणजे काय, तर अक्षर मोठं करायचं आणि रंग बदलायचा. ज्यांना थोडंफार दिसतं त्यांच्या ती कामाची आहे, हे मीही मान्य केलं. पण माझ्यासाठी अक्षर भिंतीएवढं केलं तरी ते भिंतच राहणार. त्यालाही हसू आलं, आणि मी सांगेन ते निमूट लिहून घेऊ लागला. एकदाही वाद घातला नाही. मला वाद घालायचा होता, त्यामुळे जरा निराशा झाली.

७ मार्च, गुरुवार

जेवताना दादा म्हणाला, "सोपं आहे. तू सही करू नकोस, म्हणजे झालं."

मी म्हटलं, "सही करायची की नाही ते दोषांवर ठरेल. मी काम करतेय, काड्या घालत नाही."

"मी कुठे म्हटलं काड्या घालतेस?"

"मग असं बोललास कशाला?"

वहिनीने माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "आवाज चढलाय म्हणजे तिखट लागलेलं दिसतंय." आमटी मुळीच तिखट नव्हती.

मला खुर्ची जाण्याची भीती नाही हे इथे लिहून ठेवते. रेकॉर्ड रूमला मी घाबरत नाही. तिथे कुणी बोलत नाही एवढंच.

१२ मार्च, मंगळवार

गेल्या आठवड्यात मी सांगितलं होतं की प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन लिहा, म्हणजे पोपट ते वाचेल. टिकटिकने ते काम आस्थापना विभागाकडे दिलं. ही चूक फक्त आमच्याकडेच होऊ शकते. तिथल्या मोठ्या बाबूंनी सगळी वर्णनं स्वतः बसून लिहिली. आज पान उघडलं आणि पोपट सुरू झाला:

"सदर छायाचित्रात डावीकडून प्रथम सन्माननीय अध्यक्ष महोदय, त्यांच्या शेजारी सन्माननीय उपाध्यक्ष महोदय, तद्नंतर सन्माननीय सर्व समिती सभापती महोदय हे नूतन जलकुंभाचे शुभहस्ते उद्घाटन करताना दिसत असून सदर मान्यवरांच्या पाठीमागे एक झाड आहे."

पाण्याची वेळ या झाडाच्या पलीकडे आहे. तिथवर पोचेपर्यंत पाणी येऊन गेलेलं असेल. नळाच्या चित्राचं वर्णन होतं, "सदर चित्र नळाचे आहे. नळ बंद अवस्थेत आहे." मी आणि टिकटिक इतके हसलो की शेजारच्या खोलीतून कुणीतरी दार लावून घेतलं. मग मी त्याला एक साधी गोष्ट सांगितली. फोनवर माणूस "पाणी" म्हटला की मी त्याला वेळ सांगते, नळाचं वर्णन करत नाही. बटण काय काम करतं तेवढंच लिहा. त्याने तिथेच बसून सगळं बदललं. बाबूंना सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

तक्रार पाठवण्याआधी एक चित्र येतं, त्यातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होतं. मी करकर साहेबांना वर जाऊन सांगितलं, "साहेब, आपल्या वेबसाइटच्या मते मी माणूस नाही."

साहेब म्हणाले, "काहीतरीच काय!" पण संध्याकाळपर्यंत ते चित्र निघालं. आता विचारतात, तीन अधिक चार किती. मी माणसात आले.

१३ मार्च, बुधवार

भरपूर दोष सापडले. भूक चांगली लागली.

१५ मार्च, शुक्रवार

साहेबांना घाई झालीय. सभेत त्यांनी उद्घाटन दोन एप्रिलला ठरवलं. एक तारीख रिकामी होती, पण लोक हसतील म्हणाले. मला विचारलं, "तोवर होईल ना?" मी म्हटलं, "साहेब, घोडामैदान जवळच आहे." करकर करत गेले. त्यांना काय कळलं कोण जाणे.

१८ मार्च, सोमवार

आज एक गोष्ट केली आणि घरी कुणाला सांगितली नाही.

माझा बसचा पास दरवर्षी नव्याने काढावा लागतो. त्यासाठी दादाला अर्धी रजा टाकावी लागते, मी त्याच्या हाताला धरून जाते, आणि खिडकीवरचा माणूस माझ्या डोक्यावरून त्याला विचारतो, "यांचं वय काय? यांचं लग्न झालंय का?" जसं काही मी पिशवी आहे. आज मी वेबसाइटवरचा पासाचा अर्ज तपासायला घेतला आणि तपासता तपासता माझाच भरला. कुणाला काही विचारलं नाही. वय मीच लिहिलं. शेवटचं बटण दाबलं तर पोपट म्हणाला, "तुमचा अर्ज मिळाला."

मी त्याला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेजारी टिकटिक होता म्हणून बरं, नाहीतर रडले असते. त्याला म्हटलं, "हे पान ठीक आहे." तो म्हणाला, "फक्त ठीक?" मी म्हटलं, "डोक्यावर बसू नका."

घरी येताना बसमध्ये मला राग आला. कुणाचा ते कळेना. वेबसाइट चांगली होत चालली आहे, आणि ती मीच चांगली करतेय. दोष सांगून अडवायला निघाले होते, तर हा माणूस प्रत्येक दोष दुरुस्त करतो. असं कधी पालिकेत झालंय का?

१९ मार्च, मंगळवार

आज एक दोष असा सापडला की सोनं.

तक्रारीचा फॉर्म अर्धा लिहून मी चहाला उठले. परत आले तर फॉर्म गायब, लिहिलेलं सगळं पुसलेलं आणि पोपट पहिल्या पानावर "स्वागत आहे" म्हणतोय. पुन्हा लिहून पाहिलं, मुद्दाम हळू. तेच झालं. लिहायला फार वेळ लागला की पान न विचारता सगळं पुसून टाकतं. ज्याची बोटं भरभर चालतात त्याला हे कधीच कळणार नाही. ज्याचे हात थरथरतात, जो ऐकत ऐकत लिहितो, ज्याला लिहायला विचार करावा लागतो, त्याचं मात्र दर वेळी पुसलं जाणार.

टिकटिक तेव्हा खोलीत नव्हता. आला तेव्हा विचारलं, "आज काही?" मी म्हटलं, "आज काही नाही."

खोटं नाही बोलले, उशिरा सांगणार आहे एवढंच. हा दोष एक तारखेला संध्याकाळी सांगेन. मग उद्घाटन पुढे जाईल, निदान एक महिना. गणितात हातचा राखतात तसा राखून ठेवलाय.

२१ मार्च, गुरुवार

साहेबांनी आज आणखी एक माणूस तपासणीला आणलं. नियमात नुसते आंधळे नाहीत म्हणे, बाकीचेही आहेत. या बाई बाजाराच्या रस्त्यावर शिवणकाम करतात, त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. सगळे त्यांना टेलरबाई म्हणतात. सोबत त्यांचा दीर, खिशात किल्ल्या खुळखुळवणारा. हातांच्या खुणांनी टेलरबाई बोलणार आणि दीर ते आम्हाला तोंडाने सांगणार. म्हणजे आमच्यात तो एकटाच पूल.

टेलरबाईंच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत. त्या बोलायला लागल्या की बांगड्या वाजतात. पहिल्या पानावर अध्यक्षांच्या भाषणाचा व्हिडिओ आहे, त्यात खाली अक्षरं नाहीत. बांगड्या खूप वेळ वाजल्या. मध्येच एकदम जोरात, मग हळू, मग पुन्हा. दीर म्हणाला, "ती म्हणते, व्हिडिओ कळला नाही."

टिकटिक म्हणाला, "खाली अक्षरं टाकतो." तो पुढचं लिहून घेत होता तेव्हा मी टेलरबाईंशी जरा आपुलकीने बोलले. दिराला म्हटलं, "त्यांना सांगा, या वेबसाइटवर काही अडलं तर सरळ मला फोन करा. माझ्या टेबलावरून आजवर कुणी उत्तराशिवाय परत गेलेलं नाही."

दिराने खुणा केल्या असाव्यात. मग टेलरबाई हसल्या, मोठ्याने, पोटातून, इतक्या की टेबल हललं. मीही हसले. मग बांगड्या वाजल्या, पुष्कळ वेळ. माझ्या अगदी जवळ येऊन वाजल्या, एकदा त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीलाही लागला. मी वाट पाहिली.

दीर म्हणाला, "ती म्हणते, ठीक आहे."

मोजकं बोलणारी बाई दिसते. मला अशी माणसं आवडतात.

घरी वहिनीला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती थांबली. म्हणाली, "ताई, तुम्ही ऐकू न येणाऱ्या बाईला फोन करायला सांगितलंत?"

मी आतल्या खोलीत येऊन बसले. अजून बसलेय.

२२ मार्च, शुक्रवार

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. ही म्हण माझ्यासारखीने वापरावी का ते माहीत नाही, पण आज दुसरी सुचत नाही. सगळ्या गावाचा फोन मी घेते असं मी छाती ठोकून सांगत होते. त्या बाईंच्या लेखी हे टेबल कधी सुरूच झालेलं नाही.

तरीही हातचा मी सोडलेला नाही. ते वेगळं आणि हे वेगळं.

२६ मार्च, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

टेलरबाई पुन्हा आल्या होत्या, तक्रारीचा फॉर्म तपासायला. टिकटिक म्हणाला, "एखादी खरीच तक्रार लिहा, म्हणजे नीट कळेल." त्या माझ्या संगणकावर बसल्या, मी शेजारी. दीर बाहेर फोनवर बोलायला गेला. पोपट चालू होता. त्या एकेक शब्द लिहीत होत्या आणि पोपट तो मला वाचून दाखवत होता. पहिल्यांदाच मध्ये कुणी नव्हतं. त्यांचा आवाज म्हणून मी पोपटाचा आवाज ऐकत होते, आणि खरं सांगते, दोन ओळींनंतर तो मला पोपटाचा वाटेनासा झाला.

त्यांनी लिहिलं: "माझ्या दुकानासमोर पाइपासाठी रस्ता खणला. खणण्याआधी तुमची गाडी भोंग्यावरून सांगून गेली. सगळ्यांनी ऐकलं. मला ऐकू येत नाही. मी सकाळी दुकान उघडून बाहेर पाय टाकला तो खड्ड्यात. हात मोडला. शिवण बंद पडली. तक्रार करायला आले तर तुमच्याकडे फक्त फोन नंबर. दिराला घेऊन आले. माझं बोलणं मोठं असतं, त्याचं छोटं होतं. तो म्हणाला, पडली, आता ठीक आहे. खड्डा अजून आहे. त्यावर फळी टाकलीय, ती हलते."

हळू लिहीत होत्या. शब्द शोधून, खोडून, पुन्हा. मला तो दोष आठवला. आठवला होता, हे मी इथे स्वच्छ लिहिते. बोलले असते तर टिकटिकला कळलं असतं आणि हातचा गेला असता. मनात म्हटलं, होईल त्यांचं तेवढ्यात.

त्यांनी पुढे लिहिलं, "त्या दिवशी मी फोनवाल्या बाईंना विचारलं होतं की"

आणि पोपट म्हणाला, "स्वागत आहे."

टेलरबाईंनी दोन्ही हात टेबलावर आपटले. खुर्ची मागे सरली. टिकटिक म्हणत होता, "काय झालं, काय झालं, कुठे गेलं?" बांगड्या दारापर्यंत गेल्या, तिथे दीर भेटला असावा, तिथे खूप वाजल्या, मग जिन्यावरून खाली गेल्या. मी दिराला हाक मारली. "भाऊजी, काय म्हणाल्या त्या?"

"जाऊ द्या हो." किल्ल्या खुळखुळल्या. "ती म्हणते, ठीक आहे."

२७ मार्च, बुधवार

खाई त्याला खवखवे. सकाळी टिकटिक यायच्या आधीच जाऊन बसले. तो आल्याबरोबर म्हटलं, "कालचा दोष मला माहीत होता. गेल्या मंगळवारी सापडला होता. मी सांगितला नाही."

पेन वाजलं नाही. मग तो म्हणाला, "तासाभराचं काम होतं."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. का नाही सांगितलंत असं विचारलं असतं तर काहीतरी सांगितलं असतं, टेबलाचं, पंख्याचं. त्याने विचारलं नाही, खुर्ची ओढली आणि कामाला लागला. दुपारपर्यंत झालं. आता पान आधी सांगतं की वेळ होत आलीय, आणखी हवी का. आपण काहीच सांगितलं नाही तरी लिहिलेलं जपून ठेवतं. मी हळू लिहून पाहिलं, चहाला जाऊन पाहिलं, जेवायला जाऊन पाहिलं. सगळं जिथल्या तिथे.

पण तिने लिहिलेलं गेलं ते गेलंच. तिला मला काहीतरी विचारायचं होतं, आणि तिने विचारलंही होतं, तोंडासमोर, बांगड्या वाजवून. मला वाटलं, मोजकं बोलणारी बाई आहे! फोनवर नुसत्या श्वासावरून माणूस ओळखणारी मी. एवढ्या मोठ्या वाजण्याचं एवढंसं उत्तर कसं, हे मला त्या दिवशी का कळलं नाही?

२८ मार्च, गुरुवार

सही केली. पट्टी धरून, तिच्या कडेने, नेहमी करते तशी. साहेब म्हणाले, "छान!" आणि रेकॉर्ड रूमच्या आदेशाचा कागद माझ्या हातात दिला. पोपटाला कागद वाचता येत नाही, पण हा मला पाठ आहे.

दादा म्हणाला, "वेडी आहेस."

मग मी वहिनीला एक काम सांगितलं. म्हटलं, टेलरबाईंकडे जाशील? मी सांगते ते चिठ्ठीवर लिही. तिने लिहिलं: "पान दुरुस्त झालं आहे. तुमचं पुसलं गेलं ती चूक माझी. पुन्हा लिहाल का?" वहिनी संध्याकाळी शिवायला कापड घेऊन गेली.

"काय म्हणाल्या?"

"चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि माझी मापं घेतली."

"बस?"

"फळी बघून आले. हलते खरी."

२ एप्रिल, मंगळवार

उद्घाटन झालं. संगणकाला फीत बांधली होती, ती कापली. भाषणं झाली. अध्यक्षांच्या व्हिडिओखाली आता अक्षरं येतात म्हणे. मोठ्या बाबूंनी मला येऊन हळूच विचारलं, "माझी वर्णनं दिसत नाहीत?" मी म्हटलं, "मला तर काहीच दिसत नाही, बाबू."

दुपारी फोनची वायर काढून नेली. तासाभराने माझा हात सवयीने तिकडे गेला, तिथे नुसतं लाकूड. मला वाईट वाटलं. मला खूप वाईट वाटलं, आणि आता ते लपवायचं काही कारण उरलेलं नाही. मी आवरून बसले, डबा पिशवीत, इअरफोन पिशवीत. पण रेकॉर्ड रूमची किल्ली सापडेना. शिपाई शोधतोय, बसा म्हणाले. बसले.

संगणक अजून नेला नव्हता. बसल्या बसल्या तपासणीचं पान उघडलं. पोपट म्हणाला, "नवीन तक्रार. एक." मोठ्या आवाजात म्हणाला, पण पिशवीतून इअरफोन काढायचाही कंटाळा आला होता. म्हटलं, वाच.

रस्ता, भोंगा, खड्डा, हात, फळी. सगळं तेच, या वेळी आणखी मोठं. फळीवरून परवा एक म्हातारे गृहस्थ घसरले होते, तेही लिहिलेलं. आणि मग:

"त्या दिवशी मी फोनवाल्या बाईंना विचारलं होतं, की हे सुरू झाल्यावर तुम्ही कुठे बसणार? फोन बंद होणार असं मला वेबसाइटवाल्याने लिहून दाखवलं होतं. बाई म्हणाल्या मला फोन करा, त्याचं मला हसू आलं, पण राग नाही आला. मला आजवर तुमचा फोन लागला नाही. म्हणून फोन गेला याचं मला वाईट वाटत नाही. बाई गेल्या तर वाटेल. मी लिहिलेलं त्यांना ऐकू येतं. त्यांनी लिहिलेलं मला दिसतं. मग मला उत्तर द्यायला त्यांनाच बसवा, असं मी दिराला सांगायला सांगितलं होतं. खुर्चीला हात लावून सांगितलं. त्याने सांगितलं का? बाई त्यावर काय म्हणाल्या? उत्तर लिहावे."

या महिनाभरात मला हे कुणीच विचारलं नव्हतं, कुठे बसणार म्हणून. मी टेबलाची कड धरून बसले.

मागे बूट करकरले. साहेब केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी घसा साफ केला. "याला उत्तर कोण देणार आहे?"

टिकटिक दाराशी होता. म्हणाला, "उत्तर लिहायची जागा मी केलीय, साहेब. लिहायचं कुणी, ते पालिकेने ठरवायचं होतं. मी विचारलं होतं."

"मग काय ठरलं?"

"काही नाही."

कुणीतरी किल्ली सापडली म्हणून सांगायला आलं, त्याला साहेब म्हणाले, "ठेव तिकडे." मग मला म्हणाले, "आधी त्या खड्ड्याचं बघायला कुणाला तरी पाठवतो. आणि तुम्ही बसलाय कशाला? लिहा ना उत्तर." बूट जिन्याने वर गेले. उद्याचं काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आदेशाचा कागद अजून पिशवीत आहे.

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. इतक्या वर्षांची सवय, पहिले शब्द आपोआप आले. लिहिलं:

"नमस्कार, पालिका. दिराने सांगितलं नव्हतं. आत्ता ऐकलं. इथेच बसलेय. बोला."